पॅकेज सांगता येतं, काम सांगता येत नाही

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अकोल्याच्या जठारपेठेत भल्या पहाटे ट्रॉली बॅगांची चाकं वाजू लागतात. पुण्याहून रात्री सुटलेल्या ट्रॅव्हल्स तोवर गावात शिरलेल्या असतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान उडू लागलं खरं, पण वऱ्हाडातली आयटीची पोरं बहुतेक पुण्यात, त्यामुळे त्यांच्या नशिबी अजून ट्रॅव्हल्सच. एरवीच्या दुप्पट-तिप्पट भाडं मोजून, पाचशे किलोमीटर अंग आखडून ती घरी पोचतात. बॅग दारात टाकतात, पण पाठीवरची सॅक जपून आत नेऊन ठेवतात. तीत लॅपटॉप असतो. रजा मंजूर झालेली असली तरी ‘लॅपटॉप सोबत असू दे’ असं मॅनेजरनं निघताना सांगितलेलं असतं.

आंघोळ, फराळ आटोपला की शेजारपाजारच्यांचं येणं-जाणं सुरू होतं आणि ठरलेली उलटतपासणी होते.

“कोन्या कंपनीत हायेस रे बाप्पा तू?”

पोरगं कंपनीचं नाव सांगतं.

“पगार किती भेटते?”

पोरगं पॅकेजचा आकडा सांगतं. काका समाधानानं मान हलवतात.

“मंग तठी काम काय कराले लागते तुले?”

इथं गाडी अडते. “काका, मी सपोर्टला आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं अकाउंट आहे आमच्याकडे. तिकिटं येतात, ती सोडवायची.”

“तिकिटं? रेल्वेची का?”

घर हसतं, पोरगंही हसतं. पण काकांचा तिसरा प्रश्न तसाच राहतो. नोकरीतल्या समाधानाचा सगळा मामला या प्रश्नापाशी येऊन ठेपतो, असं मला वाटतं. आयटीतल्या माणसाच्या सुखदुःखाविषयी आपण बोलतो तेव्हा पगार, कामाचे तास, ट्रॅफिक आणि ‘एआय’ या चार गोष्टी बोलून थांबतो. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. तरी त्यांच्या मुळाशी एक पाचवी गोष्ट आहे. आपण दिवसभर राबतो ते कुणासाठी, त्यातून कुणाचं काय भलं झालं, आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्यात आपला वाटा किती, याचा पत्ताच या धंद्यात बहुतेकांना लागत नाही. आणि हा धंदा ज्या तऱ्हेनं उभा राहिला आहे, त्या तऱ्हेतच तो लागू नये अशी सोय आहे.

शेगाव, बडनेरा, बाभूळगाव

वऱ्हाडातलं पोरगं पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत कसं पोचलं, याची गोष्ट १९८३ साली सुरू होते. तोवर विदर्भात इंजिनिअर व्हायचं तर नागपूरचं प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा १९६४ साली निघालेलं अमरावतीचं सरकारी कॉलेज, असे मोजके दरवाजे होते. जागा थोड्या, गुण जास्त लागायचे. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. शेगावचं संत गजानन महाराजांच्या नावाचं कॉलेज आणि बडनेऱ्याचं आज प्रा. राम मेघे यांच्या नावानं ओळखलं जाणारं कॉलेज, ही दोन्ही १९८३ चीच. अकोल्याजवळ बाभूळगावलाही कॉलेज उभं राहिलं. अमरावती विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षातली.

सुरुवातीला मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा जोर होता. नव्वदीच्या मध्यापासून कॉम्प्युटरचा आला. सन २००० च्या संगणक-संकटानं, म्हणजे वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांच्या दुरुस्तीनं, भारतीय कंपन्यांना अमेरिकेत पाय रोवू दिले. कंपन्या कॅम्पसवर येऊ लागल्या. त्यांना मेकॅनिकलचा पोरगा चालत होता, सिव्हिलचा चालत होता. गणित बरं आणि इंग्रजी शिकायची तयारी असली की पुरे. शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, कापूस-तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं बाविसाव्या वर्षी बापाच्या शेवटच्या पगाराजवळ जाणारा पगार घेऊ लागलं. जठारपेठेतल्या घरांवर दुसरे मजले चढले, बहिणींची लग्नं झाली, डोक्यावरची कर्जं फिटली. या उपकारांचा हिशेब आधी मांडायला हवा. आज आयटीला नावं ठेवणाऱ्या अनेकांच्या घरात आयटीच्याच पैशानं उजेड पडला आहे.

मात्र तो काळ जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली. मोठ्या सेवा-कंपन्यांमध्ये नवख्या इंजिनिअरला आज साधारण साडेतीन लाखांचं वार्षिक पॅकेज मिळतं. दहा-बारा वर्षांपूर्वीही ते तीन-सव्वातीन लाखच होतं. या काळात पुण्यातलं खोलीभाडं, मेसचा डबा आणि कॉलेजची फी कुठल्या कुठं गेली. त्यामुळे गल्लीत ‘पोट्टा पुन्याले कंपनीत लागला’ म्हणून पेढे वाटले जातात, तेव्हा त्या पोट्ट्याला कधी कधी महिनाअखेरीला घरूनच पैसे मागवावे लागतात. हे दोघांनाही, बापाला आणि पोराला, चारचौघांत बोलता येत नाही.

तास विकण्याचा धंदा

नॅसकॉम या उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये भारतीय तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल २८३ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि त्यात सुमारे ५८ लाख माणसं काम करत होती. या उलाढालीचा मोठा भाग एका साध्या व्यवहारावर चालतो. परदेशातल्या बँकेला, विमा कंपनीला किंवा दुकानांच्या साखळीला माणसांचे तास पुरवायचे आणि त्या तासांचं बिल लावायचं. नवे करार कधी निकालावर, कधी ठरलेल्या रकमेवर होतात, तरी कंपनीच्या आतला हिशेब फिरून तासांवरच येतो.

म्हणून आयटीतल्या माणसाच्या आठवड्यात शुक्रवारची संध्याकाळ महत्त्वाची. त्या दिवशी टाइमशीट भरायचं असतं. सोमवार ते शुक्रवार, रोजच्या रकान्यात तास, त्यासमोर प्रोजेक्टचा कोड. रकान्यात साधारण आठ किंवा नऊ लिहायचे असतात. प्रत्यक्षात अकरा भरले असले तरी अकरा लिहिले की प्रश्न येतो, कारण ग्राहकाशी करार तेवढ्याच तासांचा असतो. उरलेले तास कुठल्याच कागदावर येत नाहीत. आणि ज्याला प्रोजेक्टच नाही, तो ‘बेंच’वर. त्याच्या रकान्यासमोर लावायला ग्राहकाचा कोड नसतो. पगार चालू असतो, पण माणूस रोज सकाळी उठून आपण नकोसे आहोत की काय याचा अंदाज घेत बसतो. अंतर्गत मुलाखती देतो, या मॅनेजरला त्या मॅनेजरला मेल करतो.

टीसीएसनं जून २०२५ मध्ये याचा नियमच केला. कर्मचाऱ्यानं वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावर असलं पाहिजे आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या पुढं जाता कामा नयेत. देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीनं माणसाचं मोल कशात मोजलं जातं ते इतक्या स्वच्छपणे लिहून काढलं, हे एका परीनं बरंच झालं. या मोजमापात काम चांगलं झालं का, हा प्रश्न येतच नाही. बिल लागलं का, एवढाच येतो.

वऱ्हाडाला ही तऱ्हा नवी नाही. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आमचा कापूस आठवला. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ पर्यंत पूर्ण झाली. खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापूस इथून गेला, कापड तिकडं झालं. त्याचं पुढं काय झालं ते पिकवणाऱ्याला कधी कळलं नाही, आणि भावही त्याच्या हातात नव्हता. आज अकोल्याचं पोरगं तास पिकवतं, त्यांचं कापड दुसरीकडं विणलं जातं. फरक एवढाच की शेतकऱ्याला निदान बोंड फुटलेलं दिसायचं.

पिट्सबर्गच्या इंजिनिअरांना विचारलेला प्रश्न

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पन्नासच्या दशकात पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअरांना आणि हिशेबनिसांना गाठून दोन गोष्टी विचारल्या. नोकरीत तुम्हाला फार छान वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असाही सांगा. १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपानं आले. त्याच्या हाती आलेली गोष्ट साधी, तरी अनपेक्षित होती. वाईट वाटल्याच्या प्रसंगांत कंपनीची धोरणं, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा, हे विषय पुन:पुन्हा येत होते. छान वाटल्याच्या प्रसंगांत मात्र हे विषय फारसे नव्हतेच. तिथं होतं काही तरी तडीस नेल्याचं सुख, कुणी तरी घेतलेली दखल, खुद्द कामाची गोडी, अंगावर पडलेली जबाबदारी आणि पुढं गेल्याची जाणीव. म्हणजे पगार कमी असला तर माणूस दुःखी होतो, पण पगार वाढला म्हणून तो कामात सुखी होईलच असं नाही. दुःखाची यादी वेगळी आणि सुखाची यादी वेगळी.

पुढं सत्तरच्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी कामाचे पाच गुण सांगितले. कामात वेगवेगळी कौशल्यं लागावीत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक अख्खी गोष्ट आपल्या हातून व्हावी, तिचा कुणाला तरी उपयोग व्हावा, ती कशी करायची ते ठरवायची मोकळीक असावी आणि ती जमली की फसली हे कामातूनच कळावं. या मोजपट्टीवर संगणकवाल्यांना तपासलं ते कूगर आणि झवाकी या दोघा अभ्यासकांनी. १९८० च्या त्यांच्या पुस्तकात निघालेला निष्कर्ष आजही आयटीतल्या कुठल्याही माणसाला पटेल. इतर पेशांच्या मानानं या लोकांत नवं शिकण्याची, वाढण्याची भूक फार मोठी आणि चार माणसांत मिसळण्याची गरज कमी.

आता हे सगळं जठारपेठेतल्या त्या पोराला लावून बघू. भूक मोठी, आणि ताटात काय? तिकीट येतं. ‘अमुक अहवालात तमुक रकाना रिकामा येतोय.’ पोरगं जुना कोड उघडतं. तो कुणी तरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला असतो आणि लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो. तीन तास शोधल्यावर एक ओळ सापडते. ती बदलली, चाचणी केली, मंजुरीसाठी पाठवली की तिकीट बंद. विमा कंपनीतल्या ज्या कारकुनाला तो रकाना हवा होता, त्याचं नाव पोराला कधी कळत नाही, आणि या पोराचं नाव त्या कारकुनाला. कामाला उपयोग आहे, पण तो दिसत नाही. तुकडा आहे, अख्खी गोष्ट नाही. मोकळीक तर नाहीच, कारण तिकीट किती तासांत बंद व्हावं ते करारात लिहिलेलं असतं आणि पडद्यावर त्याचं घड्याळ चालू असतं.

तरीही त्या तीन तासांत, ती एक ओळ सापडते त्या क्षणी, त्याला मजा आलेली असते. आयटीतल्या माणसाला विचारा, तो हे कबूल करील. खुद्द कामात गोडी आहे. ती वाढीला लागावी अशी तजवीज मात्र धंद्यानं केलेली नाही.

लक्ष्मीपूजनाची वेळ

भारत आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळात उन्हाळी वेळेत साडेनऊ तासांचा फरक असतो. अमेरिकेतली उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते, त्यामुळे दिवाळी बहुतेक वेळा तिच्या आतच येते. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा अकोल्यात संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे नेमका प्रदोषकाळ, लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त. ज्यांचा ग्राहक तिकडचा, त्यांना हे गणित तोंडपाठ असतं. घरात आई पाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढत असते, बाबा ‘चाल लवकर, मुहूर्त चालला’ म्हणत असतात, आणि आतल्या खोलीत एका कानाला हेडफोन लावून कालचं काय झालं, आजचं काय करणार याची हजेरी चाललेली असते.

कामाच्या तासांचा वाद मोठ्या लोकांनीच पेटवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. यावर समाजमाध्यमांत विनोद पुष्कळ झाले, पण मोजलेली माहिती त्याहून बोलकी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी केली होती.

तासांपेक्षाही जास्त बोचतो तो तासांचा बेभरवसा. शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत झोप नसते, डॉक्टरला रात्री उठावं लागतं, पण आपण का उठलो हे त्यांना कळतं. आयटीत मात्र मध्यरात्री अडीचला फोन वाजतो, ‘प्रॉडक्शन डाऊन आहे, ब्रिजवर ये’. वीस-पंचवीस माणसं एका कॉलवर गोळा होतात, त्यातली तिघं काम करतात आणि बाकीची, आपलं नाव घेतलं तर ‘येस, आय अॅम हिअर’ म्हणता यावं म्हणून, जागी राहतात.

वाकडचा फ्लॅट आणि नव्वद दिवस

एवढं आहे तर सोडत का नाहीत? हा प्रश्न जठारपेठेतल्या काकांना पडतो आणि तो रास्त आहे.

आधी कर्जाचं बघू. नोकरीला चार-पाच वर्षं झाली, लग्न ठरलं, की मुलीकडचे विचारतात, ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का?’ मग वाकड, पुनावळे किंवा ताथवड्याला दोन खोल्यांचं घर, वीस वर्षांचा हप्ता. दोघांचे पगार धरून काढलेला हप्ता असल्यामुळे दोघांपैकी एकालाही थांबता येत नाही. हिंजवडीच्या चौकात रोज दीड-दोन तास घालवायचे ते या घरासाठी, आणि घरात राहायला वेळ नाही ते या चौकामुळे.

दुसरी अडचण नोटिशीची. मोठ्या कंपन्यांत राजीनाम्यानंतर ९० दिवस काम करावं लागतं. नव्या कंपनीला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. या तीन महिन्यांत समोरची ऑफर रद्द झाली तर माणूस दोन्हीकडून गेला.

तिसरी अडचण बाजाराची. करोनानंतर काम उसळलं तेव्हा माणसं भराभर उड्या मारत होती. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीअखेर इन्फोसिसमधून सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. म्हणजे चारांत एकाहून अधिक. तेव्हा पगार सरळ दीडपट-दुप्पट व्हायचे. पुढच्या दोन वर्षांत हेच प्रमाण निम्म्यावर आलं. कंपन्यांच्या अहवालांत अशी घट चांगली बातमी म्हणून येते. पण माणसं थांबली म्हणून ती समाधानी झाली, असं धरून चालणं चूक आहे. बाहेरचं दार बंद झालं की आतली गर्दी वाढते.

दार किती बंद आहे ते २०२५ मध्ये दिसलं. टीसीएसनं जुलैत सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्यात भर मधल्या व वरच्या फळीवर असेल असं सांगितलं. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीची एकूण संख्या १९,७५५ नं घटली. मधली फळी म्हणजे चाळिशीची माणसं. बाभूळगाव-बडनेऱ्याच्या सुरुवातीच्या आयटी पिढीतली, हप्ता अर्धा फिटलेली, मुलं दहावी-बारावीला असलेली. कोडिंग सोडून ‘मॅनेज’ करायला कंपनीनंच त्यांना वर ढकललं होतं. आता तीच कंपनी विचारते, तुम्ही स्वतः काय करता?

लोकांना बाहेर काढण्याची रीतही मनात घर करून बसते. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्रातल्या एका संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, असं मनुष्यबळ विभागातून कर्मचाऱ्याला सांगितलं जात होतं. समूहाचे प्रमुख आनंद महिंद्रा यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मोठेपणाची होती. पण ती फीत ऐकलेल्या प्रत्येकाला तेव्हापासून माहीत आहे की पंधरा वर्षांची नोकरी एका रात्रीत मागता येते.

कूलरच्या आवाजात गेलेली दोन वर्षं

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जठारपेठेची पोरं घरी परत आली. पुढची दीड-दोन वर्षं या गल्ल्यांनी अनोखा प्रकार पाहिला. वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी झाली, फायबरचं कनेक्शन आलं, इन्व्हर्टरला मोठी बॅटरी आली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं. डेझर्ट कूलर चालू ठेवावा तर मीटिंगमध्ये त्याची घरघर ऐकू जाते, बंद करावा तर जीव जातो. मग ज्याची बोलायची पाळी आली त्यानं कूलर बंद करायचा, दोन मिनिटं बोलायचं, पुन्हा म्यूट आणि पुन्हा कूलर. खालून आई हाक मारायची, ‘जेवाले ये ना बापा, दोन वाजले.’

त्या काळात काम कमी नव्हतं, उलट जास्तच होतं. तरीही त्या दिवसांची आठवण काढताना बहुतेकांचा सूर बरा असतो. भाडं वाचलं, प्रवास वाचला, आजारी आई-बाप नजरेसमोर होते. संध्याकाळी अर्धा तास का होईना, ओळखीच्या माणसांत उठबस होती. कामावर ताबा आला नव्हता, दिवसावर थोडा आला होता. समाधानाच्या तराजूत तेवढ्यानंही फरक पडला.

सर्वांत जास्त फरक पडला तो मुलींना. सासर-माहेर, लहान मूल आणि नोकरी यांची मोट बांधणं घरून जमत होतं. पुढं कंपन्यांनी ऑफिसला बोलावलं तेव्हा ही मोट सुटली. टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालातच नोंद आहे की त्या वर्षी सोडून जाणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त झालं, एरवी ते कमी असायचं. घरून काम बंद होणं हे त्याचं एक कारण असू शकतं, असं कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनीच त्यात म्हटलं. प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद २०१७ पासून आहे, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघराचीही आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात काय, हा प्रश्न मात्र अजून आजीवरच सोपवलेला आहे.

“ओ भाऊ, बिल निंघून नाही राह्यलं”

सगळेच पुण्याला गेले असंही नाही. काही अकोल्यात-अमरावतीत राहिले, काही परत आले. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आहेत, अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. शनिवार-रविवार गाव गाठता येतं म्हणून काहींनी तिकडं बदली मागून घेतली. आणि थोडे असे आहेत की ज्यांनी इथंच दोन-चार जणांचं दुकान मांडलं. औषधांच्या दुकानाचं बिलिंग, पतसंस्थेचं खातेवही सॉफ्टवेअर, शाळेची फी, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटा. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा अशा दुकानांना दिवसरात्र उसंत नव्हती.

पैशाच्या मानानं यांची तुलना हिंजवडीशी होत नाही. वसुलीला चकरा माराव्या लागतात, ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकावं लागतं. पण कामाची तऱ्हा बघा. दुकानदाराचा थेट फोन येतो, “ओ भाऊ, बिल निंघून नाही राह्यलं, गिऱ्हाईक उभं हाये.” हा स्कूटर काढतो, दुकानात जातो, प्रिंटरची वायर नीट बसवतो किंवा खरोखरच प्रोग्रॅममधली चूक काढतो. समोर बिल निघतं. दुकानदार चहा सांगतो. हॅकमन आणि ओल्डहॅमचे पाचही गुण या एका फेरीत येऊन गेले. कौशल्यं वेगवेगळी, काम अख्खं, उपयोग समोर, मोकळीक पूर्ण, निकाल तिथल्या तिथं. या माणसाला काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळावं लागत नाही.

म्हणून सर्वांनी गावी परत या, असा उपदेश मी करणार नाही. अकोल्याची बाजारपेठ इतकी माणसं पोसू शकत नाही आणि छोट्या धंद्याच्या अनिश्चिततेवर घर चालवणं प्रत्येकाला परवडत नाही. मुद्दा एवढाच की समाधान देणारं काम कसं असतं याचा नमुना आपल्या गल्लीत आहे, आणि मोठ्या कंपन्यांनी मनावर घेतलं तर त्यातलं पुष्कळ त्यांनाही जमण्यासारखं आहे. तिकीट सोडवणाऱ्याला वर्षातून एकदा तरी ते वापरणाऱ्याशी बोलू द्यावं. एखादा छोटा भाग सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच्या हाती सोपवावा. रात्रीच्या कॉलवर ज्यांची गरज आहे तेवढ्यांनाच बोलवावं. यातल्या कशालाही डॉलर लागत नाहीत.

कागदावरचा कायदा

कायदाही अगदीच गप्प नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरली, जादा कामाला दुप्पट दर ठरला. व्यवस्थापकीय पदांवरच्यांना मात्र यातून वगळलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. फ्रान्सनं असा हक्क २०१७ पासून दिला, ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे ते विधेयकच राहिलं. पुण्यात ‘नाइट्स’सारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना नोकरकपात आणि सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी घेऊन कामगार खात्यापर्यंत जातात. पण संघटना म्हटलं की आयटीतला माणूस दचकतो. आपण ‘कामगार’ आहोत हे त्याला मान्य नसतं. त्याच्या बापाला शिक्षक संघटनेनं वेतन आयोग मिळवून दिला, हे तो विसरतो.

जठारपेठेच्या वाचकांसाठी

शेवटी दोन गोष्टी पालकांना आणि दोन पोरांना सांगतो.

पालकांनो, पोराला फ्लॅट घ्यायची घाई करू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला पडल्याशिवाय हप्ता सुरू होऊ देऊ नका. आणि ते ‘मन लागत नाही’ म्हणालं तर ‘इतका पगार घेऊन काय रडतं बे’ असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. पगार आणि समाधान यांचे हिशेब वेगळ्या वहीत लिहायचे असतात, हे इंजिनिअरांना विचारून सिद्ध झाल्याला साठ वर्षं उलटून गेली.

पोरांनो, ऑफर लेटर हातात आलं की आकड्याच्या खालचंही वाचा. नोटीस किती दिवसांची, बाँड आहे का, पाळी रात्रीची आहे का, हे सही करण्याआधी बघा. आणि ज्या प्रोजेक्टवर आहात, त्याचा शेवटचा वापरणारा कोण, हे मॅनेजरला एकदा विचाराच. उत्तर मिळालं तर कामाला थोडा अर्थ येईल. मॅनेजरलाही ते माहीत नसेल, तर दुसरं काम शोधायला सुरुवात करा, आणि तोवर राजीनामा देऊ नका.